जुन्या ट्रॅक्टरचं ढिलं स्टेअरिंग: प्ले कुठून येतो आणि तो काढायचा कसा

हा लेख 35 ते 45 एचपीच्या, टू व्हील ड्राइव्ह, साध्या मेकॅनिकल स्टेअरिंगच्या जुन्या ट्रॅक्टरसाठी आहे. नांगरणी, रोटाव्हेटर चालू असताना स्टेअरिंगचा ढिलेपणा, म्हणजेच प्ले, फारसा जाणवत नाही, कारण वेग कमी असतो आणि चाक सरीत किंवा तासात धरलेलं असतं. तोच ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या लावून डांबरी रस्त्यावर आला की ड्रायव्हर सतत डावं-उजवं करत राहतो, समोरून एसटी आली की छातीत धस्स होतं, आणि उतारावर ट्रॉलीने ढकललं की पुढचा भाग कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही. हा दोष गाडी जुनी झाली म्हणून सोसायचा नसतो. तो जवळजवळ नेहमी पूर्ण निघतो, आणि बराचसा घरच्या हत्यारांनी निघतो.

अडचण एवढीच, की बहुतेक ठिकाणी काम उलट्या टोकाकडून सुरू होतं. स्टेअरिंग बॉक्सच्या (स्टेअरिंगच्या दांड्याखालचा गिअरचा डबा) बाजूला एक स्क्रू असतो. तो आवळला की प्ले कमी झाल्यासारखा वाटतो, म्हणून पहिला पाना तिथेच लागतो. पण प्ले बॉल जॉइंटमध्ये (दुव्यांच्या टोकाचा गोळीचा जोड) किंवा किंगपिनमध्ये (पुढचं चाक ज्या उभ्या दांड्यावर वळतं तो) असेल तर तो तसाच राहतो आणि वर बॉक्सवर विनाकारण ताण येतो. मग बॉक्स जड होतो, वळण संपल्यावर चाक आपोआप सरळ येत नाही, आणि एक-दोन हंगामांत वर्म (स्टेअरिंगच्या दांड्यावरचा पेचदार गिअर) आणि रॉकर शाफ्ट (बॉक्समधून बाहेर येणारा आडवा दांडा) यांचे दाते खरोखरच खाल्ले जातात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी चाकं, मग जोड, बॉक्स सगळ्यात शेवटी.

थोडा ढिलेपणा एवढा मोठा का दिसतो

एक हिशेब करून बघा. ड्रॉप आर्मची (रॉकर शाफ्टवर बसलेला, लोंबणारा आर्म) लांबी 200 मिमी आणि बॉक्सचं प्रमाण 20 ला 1 धरा, म्हणजे स्टेअरिंग 20 अंश फिरवलं की ड्रॉप आर्म 1 अंश फिरतो. ड्रॉप आर्मच्या टोकाच्या बॉल जॉइंटमध्ये फक्त 1 मिमी ढिलेपणा असेल, तर 210 मिमी त्रिज्येच्या स्टेअरिंगच्या कडेला तो सुमारे 21 मिमी होऊन दिसतो. ड्रॅग लिंकला (ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणारा दुवा) दोन बॉल जॉइंट, टाय रॉडला (दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) दोन, त्यात किंगपिनचे बुश आणि हबचे बेअरिंग. प्रत्येक ठिकाणी अर्धा-एक मिमी आला की स्टेअरिंगला टीचभर मोकळी फेरी येते, आणि बॉक्स मात्र अजून धडधाकट असतो.

आधी मोजा

ट्रॅक्टर सपाट, कडक जमिनीवर घ्या. अवजार खाली टेकवा, इंजिन बंद करून किल्ली काढा, हँडब्रेक लावा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा.

पुढच्या टायरची हवा पहिल्यांदा बघा. 6.00-16 मापाच्या टायरला साधारण 26 ते 32 पीएसआय लागते. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्या. एका बाजूला हवा कमी असेल तर ट्रॅक्टर त्या बाजूला ओढतो आणि लोक त्यालाच प्ले समजतात. चाकाचे नटही याच वेळी आवळून घ्या.

आता पुढची चाकं सरळ करा. स्टेअरिंगच्या कडेला सुतळीचा एक फेरा बांधा आणि तिच्यासमोर डॅशबोर्डवर खडूने खूण करा. एकाने पुढच्या चाकाकडे नजर ठेवायची, दुसऱ्याने स्टेअरिंग हळूहळू डावीकडे फिरवायचं. चाक हलायला लागलं त्या क्षणी थांबून खूण करा. मग उजवीकडे तसंच. दोन खुणांमधलं कडेवरचं अंतर म्हणजे तुमचा एकूण प्ले. मॉडेलनुसार साधारण 20 ते 50 मिमी चालतो. 100 मिमीच्या वर असेल तर दुरुस्ती होईपर्यंत त्या ट्रॅक्टरला ट्रॉली लावून रस्त्यावर काढू नका.

हेच मोजमाप चाक अर्धं डावीकडे आणि अर्धं उजवीकडे वळवून पुन्हा घ्या आणि तिन्ही आकडे लिहून ठेवा. चाकं सरळ असताना प्ले जास्त आणि वळवल्यावर कमी असेल तर बॉक्सचा मधला भाग झिजलेला असण्याची शक्यता मोठी, कारण ट्रॅक्टरचं बहुतेक आयुष्य सरळ चालण्यात जातं. तिन्ही ठिकाणी सारखाच असेल तर दोष बहुधा जोडांमध्ये आहे.

पॉवर स्टेअरिंगचा, त्यातही हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर असेल, तर स्टेअरिंग आणि चाकं यांच्यात लोखंडी दुवाच नसतो. तिथे बॉक्सचा भाग सोडून द्या. सिलिंडरच्या पिना, तेलाची पातळी आणि तेलातली हवा तपासा. किंगपिन, बेअरिंग, टाय रॉड आणि टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असणं) याबद्दल पुढे जे आहे ते मात्र तसंच लागू पडतं.

दोन माणसांची तपासणी

सगळ्या कामाचा कणा ही तपासणी आहे. वीस मिनिटं लागतात आणि चुकीचे पार्ट आणण्याचा खर्च वाचतो. चाकं जमिनीवरच राहू द्या. एक माणूस सीटवर बसून स्टेअरिंग दोन-तीन इंच डावं-उजवं, एका लयीत हलवत राहील. दुसरा बॉक्सपासून चाकापर्यंत प्रत्येक जोडावर बोट ठेवत जाईल, बोटाचा अर्धा भाग एका तुकड्यावर आणि अर्धा दुसऱ्यावर. अलीकडचा तुकडा हलतो आणि पलीकडचा उशिरा हलतो, तिथे प्ले आहे. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला लगेच कळतं. त्याआधी जोडांवरची माती आणि जुनं ग्रीस खरवडून डिझेलच्या चिंधीने पुसून घ्या, नाहीतर काहीच कळणार नाही.

क्रम असा: स्टेअरिंग चाकाचा मधला नट आणि त्याखालचे स्प्लाइन (दांड्यावरचे उभे दाते), कॉलमचा वरचा बुश, बॉक्स ज्या बोल्टांवर बसलाय ते बोल्ट, रॉकर शाफ्टवर ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंकचे दोन्ही बॉल जॉइंट, चाकाला धरणाऱ्या स्टब अ‍ॅक्सलच्या डोक्यावरचा स्टेअरिंग आर्म, टाय रॉडची दोन्ही टोकं. बॉक्सचे बोल्ट ढिले असतील तर सगळा बॉक्सच कुरकुरत हलतो आणि आतला दोष असल्यासारखं भासतं. ते आवळायला दहा मिनिटं पुरतात. जुन्या फर्ग्युसन धाटणीच्या ट्रॅक्टरांना दोन्ही बाजूंना ड्रॉप आर्म आणि दोन ड्रॅग लिंक असतात, मधला टाय रॉड नसतो. तिथे दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा.

जिथे प्ले सापडेल तिथे खडूने फुली मारा. सगळ्या फुल्या मारून होईपर्यंत एकही नट सोडू नका.

चाक उचलून: बेअरिंग की किंगपिन?

एका बाजूच्या चाकाजवळ अ‍ॅक्सलखाली जॅक लावून चाक जमिनीपासून दोन-तीन इंच उचला आणि अ‍ॅक्सलखाली मजबूत स्टँड किंवा आडवेउभे रचलेले लाकडी ठोकळे द्या. सिमेंटचा पोकळ ब्लॉक कधीही वापरू नका, तो न सांगता फुटतो. नुसत्या जॅकवर टेकवलेल्या ट्रॅक्टरखाली हात घालायचा नाही.

टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. हलत असेल तर नजर चाकाच्या मागच्या बाजूला हवी. हब स्टब अ‍ॅक्सलवर डुलत असेल तर बेअरिंग ढिलं आहे. स्टब अ‍ॅक्सलसकट सगळं अ‍ॅक्सलच्या नळीत डुलत असेल तर किंगपिनचे बुश गेले आहेत. दोन्ही एकत्र असतील तर आधी बेअरिंग नीट करा आणि पुन्हा हलवून बघा. मग टायरखाली पहार घालून वर उचला. टकटक आवाज येऊन चाक उभं हलत असेल तर किंगपिनचं थ्रस्ट बेअरिंग किंवा वॉशर झिजला आहे.

बेअरिंगचं काम सोपं आहे. टोपी काढा, स्प्लिट पिन काढा. चाक हाताने फिरवत फिरवत खाचांचा नट आवळत जा. चाक जड फिरायला लागलं की थांबा आणि नट पुढची खाच जुळेपर्यंत मागे घ्या. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि डुलता कामा नये. नवीन स्प्लिट पिन घाला. जुनी सरळ करून वापरलेली पिन तुटते आणि नट सुटतो. बेअरिंग फिरवताना खरखर आली, रोलर निळसर पडले असतील किंवा खड्डे दिसले, तर आतला कोन आणि बाहेरचा कप दोन्ही बदला. जुन्या कपात नवा कोन टिकत नाही. सील नेहमी नवं. बेअरिंगच्या रोलरांत ग्रीस हाताने दाबून भरा, हबच्या पोकळीत मात्र निम्मंच. ठासून भरलं तर गरम होऊन ते सील फोडून बाहेर येतं. एपी 3 ग्रीस चालतं.

किंगपिन आणि बुश

पावसाळ्यात चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरचा खालचा बुश वरच्याच्या आधी जातो, कारण चिखलाचं पाणी खालच्या सीलमधून आत शिरतं आणि वाळू दळल्यासारखी फिरत राहते. तिथेच ग्रीसही कमी पोचतं.

काढण्याआधी स्टेअरिंग आर्म आणि स्टब अ‍ॅक्सलचा दांडा यांच्यावर छिन्नीने जुळती खूण करा. ही खूण करायची राहून गेली तर आर्म एक दाता चुकून बसतो आणि चाकं कधीच सरळ येत नाहीत. आर्म काढला की चाकासकट स्टब अ‍ॅक्सल खाली सरकतो, म्हणून चाक आधीच उतरवून ठेवा आणि खाली हात देणारा माणूस ठेवा. थ्रस्ट बेअरिंगची कोणती बाजू वर होती ते बघून ठेवा.

दांडा डिझेलने धुऊन बुशच्या जागी नख फिरवा. नखाला पायरी लागली तर व्हर्नियरने मोजा: बुशच्या जागेचा व्यास आणि मधल्या न झिजलेल्या जागेचा व्यास. फरक 0.2 ते 0.3 मिमीच्या पुढे असेल तर नुसते बुश बदलून उपयोग नाही, दांडाही बदलावा लागेल. वेल्डिंगने भरून लेथवर उतरवलेला दांडा स्वस्त पडतो, पण वेल्डच्या कडेला पोलाद कडक आणि ठिसूळ होतं आणि भरल्या ट्रॉलीसह खड्ड्यात आदळलं की तिथेच मोडतं. चालत्या ट्रॅक्टरचं पुढचं चाक निखळणं म्हणजे काय, हे सांगायला नको. नवा घ्या.

नवे बुश बसवताना बुशचं ग्रीसचं भोक अ‍ॅक्सलच्या निपलसमोरच आलं पाहिजे. अर्धं झाकलं तरी ग्रीस जात नाही. बुश हातोड्याने थेट न ठोकता जुन्या दांड्याच्या मापाच्या ठोकळ्यावरून किंवा प्रेसवर बसवा. बसल्यावर ते किंचित आवळतात, म्हणून रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) फिरवावा लागतो. दांडा हाताने सहज फिरावा आणि बाजूला डुलू नये, इतकंच माप. वर-खाली दोन्ही बुश एका रेषेत येण्यासाठी लांब रीमर लागतो, तो ज्या लेथवाल्याकडे असेल त्याच्याकडेच हे काम द्या.

बॉल जॉइंट

झिजलेला बॉल जॉइंट दुरुस्त होत नाही, बदलायचाच. अपवाद एक: काही जुन्या ड्रॅग लिंकच्या टोकाला स्प्रिंग आणि आट्यांचा प्लग असतो. त्याची स्प्लिट पिन काढून प्लग पूर्ण आवळा, अर्धा फेरा मागे घ्या, पिन घाला. बॉल तरीही ढिला असेल तर तो अंडाकृती झाला आहे.

नवा जॉइंट आणायला जुना सोबत न्या. टाय रॉडच्या एका टोकाला सरळ आटे आणि दुसऱ्याला उलटे आटे असतात, तेही तपासून घ्या. जुना फिरवून काढताना किती फेऱ्यांत निघाला ते मोजा आणि नवा तितक्याच फेऱ्या आत घाला, म्हणजे टो-इन जवळपास जागेवर राहील.

टेपर, म्हणजे जॉइंटचा निमुळता दांडा, सोडवताना नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे शिल्लक ठेवा. आर्मच्या ज्या डोळ्यात टेपर बसतो त्याच्या एका बाजूला घण टेकवा आणि समोरच्या बाजूला हातोड्याचे नेमके घाव घाला. डोळा क्षणभर ताणला जातो आणि टेपर सुटतो. आट्यांवर घाव घालाल तर नटच बसणार नाही. पुलर असेल तर उत्तम.

बसवताना टेपर आणि डोळा कोरडे, स्वच्छ ठेवा. तेलाचा हात लागलेला टेपर पकडत नाही. नट आवळून स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर इथे नट पुढे आवळायचा, मागे घ्यायचा नाही. हबच्या नटाच्या नेमकं उलट, आणि घाईत इथेच गल्लत होते. आर्मचा डोळाच मोठा झाला असेल, म्हणजे टेपर बुडापर्यंत जाऊन बसत असेल, तर आर्म बदला. पत्र्याची पट्टी घालून बसवलेला जॉइंट थोड्याच दिवसांत पुन्हा खेळायला लागतो.

ड्रॉप आर्म रॉकर शाफ्टच्या स्प्लाइनवर खेळत असेल तर आधी त्याचा मोठा नट लांब पान्याने आवळून बघा, आणि लॉक वॉशर नवा घाला. तरीही खेळला तर स्प्लाइन गेले आहेत. आर्म आणि गरज असेल तर शाफ्ट बदला. आर्म शाफ्टला वेल्ड करून टाकण्याची पद्धत जिथे दिसेल तिथे ती थांबवा. तो जोड तुटला की हातात स्टेअरिंग असतं आणि चाकांवर ताबा शून्य.

मधली पिन

पुढचा अ‍ॅक्सल ज्या पिनवर झुलतो तिचे बुश लोक विसरतात. जॅक अ‍ॅक्सलखाली न लावता इंजिनच्या पुढच्या बैठकीखाली लावा, म्हणजे अ‍ॅक्सल लोंबकळेल. उचलताना ट्रॅक्टर एका बाजूला कलणार नाही याची काळजी घ्या आणि बैठकीखाली लगेच स्टँड द्या. मग पहारीने अ‍ॅक्सल वर-खाली आणि पुढे-मागे हलवा. पुढे-मागे सरकत असेल तर सगळा अ‍ॅक्सलच वळतो, आणि बाकी सर्व जोड नवे असले तरी ट्रॅक्टर रस्त्यावर भरकटत राहतो. सरकणं वॉशर किंवा शिमने (पातळ पत्र्याची चकती) काढतात, वर-खालीचा ढिलेपणा मात्र पिन-बुश बदलूनच.

आता बॉक्स

सगळे जोड नीट झाल्यावर प्ले पुन्हा मोजा. बऱ्याच ट्रॅक्टरांत तो इथेच मर्यादेत आलेला असतो आणि बॉक्सला हात लावण्याची गरज पडत नाही.

राहिलाच असेल तर आधी तेलाची पातळी बघा. बहुतेक बॉक्सना 90 किंवा 140 नंबरचं गिअर ऑइल लागतं. रॉकर शाफ्टचं सील गळतं म्हणून तेलाऐवजी ग्रीस भरलेलं अनेकदा सापडतं. ग्रीस दात्यांनी एकदा बाजूला सारलं की परत येत नाही, वर्मचं वरचं बेअरिंग कोरडं पडतं. सील बदला, बॉक्स डिझेलने धुवा, तेल भरा.

दोन्ही हातांनी स्टेअरिंग वर ओढा, खाली दाबा. शाफ्ट उभा सरकत असेल तर वर्मच्या बेअरिंगचा ढिलेपणा आहे. तो झाकणाखालच्या शिममधून एकेक शिम काढून कमी करतात, स्क्रूने नाही. हे आधी, स्क्रू नंतर.

स्क्रूसाठी ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडवा. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे फिरतं ते मोजा, आणि बरोबर निम्म्यावर आणून ठेवा. बॉक्सचं जुळवणं नेहमी मधल्या स्थितीत होतं. लॉक नट सैल करा, स्क्रू घड्याळाच्या दिशेने एक अष्टमांश फेरा आवळा, ड्रॉप आर्म हाताने हलवून बघा. पुन्हा एक अष्टमांश. आर्मचा खेळ जेमतेम संपला की थांबा. स्क्रू पेचकसाने धरून लॉक नट आवळा, नाहीतर नटाबरोबर स्क्रूही फिरतो. आता स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन बोटांनी फिरवा. मध्ये किंचित जड लागलं तर चालेल, पण टोकाकडे जाताना कुठेही अडकता कामा नये. मध्ये मोकळं आणि बाजूला अडकतंय, किंवा फिरवताना कटकट दाणे लागतात, तर वर्मची वाट झिजली आहे. मग स्क्रू मागे घ्या आणि बॉक्स उघडा. वर्मवर सरकणारा बॉल नट असेल तर त्यातले छर्रे एकाच मापाचे, एकाच वेळी बदलायचे. खाली मोठं ताट धरून उघडा आणि मोजून ठेवा. वर्मच्या वाटेत खड्डे असतील तर नवे छर्रे घालून काही साधत नाही, वर्म आणि नटाची जोडी एकत्रच बदला.

टो-इन

जोड बदलल्यावर टो-इन पुन्हा लावावंच लागतं. चाकं सरळ करा. हबच्या उंचीवर, रिमच्या पुढच्या कडेला दोन्ही चाकांवर खडूची खूण करून त्यांच्यामधलं अंतर मोजा. ट्रॅक्टर हळू पुढे ढकला, तीच खूण मागच्या बाजूला हबच्या उंचीवर आली की पुन्हा मोजा. खूण तीच असल्यामुळे रिम वाकडी असली तरी चूक येत नाही. पुढचं अंतर मागच्यापेक्षा साधारण 3 ते 6 मिमी कमी हवं. तुमच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो धरा. टाय रॉड फिरवून जुळवा, लॉक नट आवळा. दोन ड्रॅग लिंकच्या ट्रॅक्टरात ड्रॉप आर्म मध्यावर ठेवून दोन्ही लिंक सारख्या जुळवाव्या लागतात. दोन ओळींच्या अंतरासाठी पुढच्या चाकांची रुंदी बदलली तरीही हे मोजमाप पुन्हा घ्यायचं.

आधी शेतात दुसऱ्या गिअरमध्ये, मग मोकळ्या रस्त्यावर चालवून बघा. प्ले मर्यादेत असूनही ट्रॉली लावल्यावरच ट्रॅक्टर भरकटत असेल, तर पुढचा भाग हलका पडतोय. ट्रॉलीचा भार पुढे सरकला की हुकावर वजन येतं आणि पुढची चाकं जमिनीवर नीट दाबली जात नाहीत. पुढे वजनं लावा आणि ट्रॉली भरताना भार धुरीकडे, म्हणजे हुकाच्या बाजूला, एकवटू देऊ नका.

पहिल्या दहा तासांच्या कामानंतर हबचे, आर्मचे आणि बॉक्सचे सगळे नट पुन्हा तपासा. त्यानंतर किंगपिन, मधली पिन आणि निपल असलेले बॉल जॉइंट यांना दर दहा तासांनी ग्रीस द्या, चिखलणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी. निपल पुसून गन लावा आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारा. एखाद्या निपलमधून ग्रीस जातच नसेल तर तो बदला, आणि तरीही गेलं नाही तर बुशचं भोक चुकीच्या जागी बसलंय असं समजून तो जोड पुन्हा खोला.